मार्कवर ये रे बाबा!

मागच्या सेमला सीनियर्सच्या शॉर्ट फिल्ममध्ये मला रोल मिळाला. रोल कसला, होस्टेलच्या खोलीत यायचं, बॅग ठेवायची आणि मित्राला "रिझल्ट लागला" एवढं सांगायचं. दोन वर्षं एकांकिका केलेला माणूस मी! म्हटलं, एका टेकमध्ये उडवू. चौदा टेक झाले. पुढे एडिटिंगला कळलं की माझा सगळ्यात चांगला क्लोजअप वापरताच येत नाही. का? तर मास्टर शॉटमध्ये मी बॅग वाक्याच्या आधी ठेवली होती, आणि क्लोजअपमध्ये वाक्य संपलं तरी पट्टा खांद्यावरच! त्या टेकमध्ये डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं हो... गेलं कचऱ्यात.

तेव्हापासून माझं मत झालंय की आपल्या नाटकवाल्या पोरांनी सेटवरचे शब्द शिकलेच पाहिजेत. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकाची (१९६३ पासून चालू आहे!) तालीम लागली की आवाज, पॉज, ब्लॉकिंग यावर रात्र-रात्र चर्चा होते. पण मार्क, आयलाईन, कंटिन्यूटी म्हटलं की, "ते कॅमेरामन बघेल, आपण अभिनय करायचा." मला हे पटत नाही.

मार्कचंच घ्या. जमिनीवर टेपचा तुकडा चिकटवतात, नटाने चालत येऊन तिथेच थांबायचं, आणि तेही खाली न बघता. मला वाटायचं, वीतभर पुढे गेलो तर काय बिघडलं? मग गणित मांडलं. फुल फ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर १.८ आणि माणूस एक मीटरवर. अशा वेळी चेहरा शार्प दिसेल असा पट्टा जेमतेम ४ सेंटिमीटरचा! फर्स्ट इयरच्या फिटिंग जॉबला टॉलरन्स असतो, तसाच हा. बाहेर गेलात की जॉब रिजेक्ट, मग डोळ्यांत कितीही पाणी असो.

आयलाईन म्हणजे नजर कुठे. समोरचा नट कधी कधी जागेवरच नसतो. लेन्सच्या बाजूला कुणीतरी मूठ धरून उभा राहतो आणि त्या मुठीवर प्रेम करायचं असतं. नजर लेन्सच्या चुकीच्या बाजूला गेली तर पडद्यावर दोघे एकमेकांकडे न बघता तिसऱ्याच कुणाशी बोलल्यासारखे दिसतात. 'चीट कर' म्हटलं तर दचकू नका, फसवायचं नसतं, कॅमेऱ्याकडे जरा वळायचं असतं. आणि मास्टरमध्येच सगळा जीव ओतलात तर दोन तासांनी क्लोजअप लागेल तेव्हा हातात काय राहणार? तिथे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा नसतो. नुसती भुवई हलली तरी ती पडद्यावर फूटभर हलते.

आता आमचा रूममेट म्हणतो, "२०१६ च्या 'सैराट'मधल्या पोरांना कुठे हे शब्द येत होते?" मुद्दा बरोबर आहे. २०१४ च्या 'कोर्ट'मध्येही कितीतरी जण व्यावसायिक नट नव्हते. पण 'कोर्ट' नीट बघा. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी स्थिर, फ्रेम मोठी, शॉट लांबलचक. अशा मांडणीत कटला कट जुळवायचं ओझं नटावर कमी येतं. ते दिग्दर्शकाने आपल्या अंगावर घेतलेलं असतं. प्रत्येक ठिकाणी असा दिग्दर्शक भेटेलच असं नाही. आणि आपल्यासारख्या एक दिवसाच्या रोलसाठी गेलेल्या पोरासाठी कुणी शॉट बदलणार नाही, माणूस बदलतील.

तंत्राने भावना मरते, असंही काही जण म्हणतात. मला उलटा अनुभव आला. चौदाव्या टेकला मार्क पायांना पाठ झाला होता, म्हणूनच डोकं मोकळं होतं आणि रडू आलं. फक्त बॅग विसरलो!

तर यंदा एकांकिकेची तालीम सुरू व्हायच्या आधी एक रविवार काढूया. एक मोबाईल, एक ट्रायपॉड, चहा पिता पिता बोलायचा एकच सीन. तीनदा शूट करायचा: लांबून, खांद्यावरून आणि क्लोज. मग तिन्ही जोडून बघायचे, कप कुणाचा कुठल्या शब्दाला ओठाला लागला ते. टेप मी आणतो. गेल्या वेळचा अर्धा रोल माझ्या ड्रॉइंग बोर्डमागे अजून पडलाय.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी