‘उगवता तारा’ आणि ठोठावलेले दार

१/ फ्रीमेसन म्हटले की चर्चा तत्काळ गुप्त खुणा आणि जागतिक कारस्थानांकडे वळते. मुंबईतील एका लॉजचा इतिहास मात्र अगदी उघड प्रश्नाभोवती फिरतो: बंधुभावाची शपथ घेतलेल्यांच्या दारी हिंदी माणूस आला, तर त्यांनी काय करावे?

२/ पाथरवटांच्या जुन्या संघांचा वारसा सांगणारी ही संघटना. लॉज म्हणजे तिची शाखा. ईश्वरावर श्रद्धा व सदाचरण या तिच्या मुख्य अटी; पंथभेद तिला तत्त्वतः मान्य नव्हता. अठराव्या शतकातच ती मुंबईत आली, परंतु येथील गोऱ्यांच्या वर्तुळापुरतीच राहिली.

३/ माणेकजी करसेटजी हे मुंबईचे विद्याव्यासंगी पारशी गृहस्थ. १८४० साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते पहिले हिंदी सभासद झाले. मेसनांचे दार मात्र त्यांना बंदच राहिले.

४/ पुढे युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिसमधील लॉजची रीतसर दीक्षा घेतली. आता पेच मुंबईकर मेसनांपुढे होता. पॅरिसने ज्याला बंधू मानले, त्याला परका कसे म्हणायचे?

५/ मार्ग काढला डॉ. जेम्स बर्न्स यांनी. हे कंपनी सरकारचे वैद्य. काबूलमध्ये १८४१ साली मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स यांचे बंधू. स्कॉटिश परंपरेतील या अधिकाऱ्याने डिसेंबर १८४३ मध्ये खास हिंदी लोकांच्या प्रवेशासाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज स्थापन केले.

६/ कलकत्त्यात हीच वाट अधिक बिकट ठरली. अनेक देव मानणारा हिंदू मेसन होऊ शकतो का, यावर तेथे वाद माजला. प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षे झगडल्यावर १८७२ साली प्रवेश मिळाला.

७/ ‘रायझिंग स्टार’ची कथा बहुधा बर्न्स यांच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. माझे मत वेगळे आहे. बर्न्स यांचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. पण जुने दार उघडण्याऐवजी शेजारी नवे घर बांधणे ही समता नव्हे, तडजोड होय. आणि ती तडजोडही माणेकजींच्या चिकाटीवाचून घडली नसती.

८/ या नव्या घरालाही मर्यादा होत्या. इंग्रजी जाणणाऱ्या सधन पुरुषांनाच तेथे वाव होता. गिरणीतला मजूर किंवा कोणतीही स्त्री त्या बंधुभावात बसत नव्हती.

९/ म्हणूनच माणेकजींच्या आयुष्यातील पुढची घटना मला अधिक मोलाची वाटते. १८६३ साली त्यांनी मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा सुरू केली. स्वतः आत शिरल्यावर दार लावून घेणारे पुष्कळ असतात. ते तसे नव्हते.

१०/ मित्रहो, संस्थेचा इतिहास वाचताना स्थापना कोणी केली, एवढेच पाहू नका. त्याआधी नकार कोणाला मिळाला आणि त्याने पुढे काय केले, हेही शोधा.