आधी कीर्द वाचा

आपल्या गावात संगणकाच्या सर्व व्याधींवर एकच औषध चालते. यंत्र मंद झाले, फॉरमॅट मारा. प्रिंटर रुसला, फॉरमॅट मारा. आवाज येईनासा झाला, तरी फॉरमॅटच. पूर्वी म्हणे घरातल्या कुठल्याही पोराचे काहीही दुखले की एरंडेल पाजीत. पण एरंडेलाने निदान पोराचे नाव-गाव तरी पुसले जात नसे.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. तेरीज जुळली नाही म्हणून वह्या जाळून नव्याने व्यापार सुरू करणारा व्यापारी आमच्या शहापुरात तरी अजून जन्माला यायचा आहे. फरक नऊने भागला जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, चौपन्नचे पंचेचाळीस झाले आहेत, असे समजून माणूस कीर्द काढतो आणि बोट ठेवून वाचत बसतो. मग हाच माणूस संगणकापुढे आला की वही जाळायला का निघतो? हा प्रश्न मला गेल्या जून महिन्यात पडला, आणि पडण्याचे कारण माझी आजी आहे.

आजी २०१६ साली गेली. तिचे माहेर गोकाककडचे. जात्यावरची तिची ओवी मराठीत सुरू होई आणि माहेराचा उल्लेख आला की बेमालूम कन्नडमध्ये शिरे. आजोबांनी कधीतरी त्यांच्या टेपरेकॉर्डरवर तिच्या अकरा ओव्या भरून घेतल्या होत्या. त्यांच्याजवळ कॅसेटी पुष्कळ. बऱ्याचशा धारवाड आकाशवाणीवरून टिपलेल्या. मन्सूर, गंगूबाई, एका बाजूला भीमसेनांचे अभंग तर त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला त्यांनीच गायिलेली दासांची पदे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत पाणी शिरले आणि या कॅसेटींना बुरशी धरली. माझ्या मामेभावाने त्यातल्या वाचल्या तेवढ्या एकेक करून संगणकात उतरवल्या. आजीची फीत तर शेवटच्या ओवीनंतर आतल्या आत चिकटून तुटली. म्हणजे त्या अकरा ओव्या आता जगात एकाच ठिकाणी उरल्या: आमच्या बैठकीतल्या डेस्कटॉपला जोडलेल्या एका डिस्कवर.

ती गाणी आजोबांच्या खोलीत पोचावीत म्हणून मामेभावाने एक व्यवस्था केली होती. घरच्या संगणकावर एक सर्व्हर सॉफ्टवेअर चालू असते. ते डिस्कवरल्या गाण्यांची यादी ठेवते आणि वायफायवरून, मागेल त्या खोलीत, मागेल ते गाणे पाठवते. एका घरापुरती आकाशवाणीच म्हणा. आजोबांच्या उशाशी पत्त्यांच्या जोडाएवढा रास्पबेरी पाय आणि त्याला जोडलेला स्पीकर. रोज दिवेलागणीला एक बटण दाबायचे, एवढेच त्यांचे काम.

या सॉफ्टवेअरचा इतिहास वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीने ते आपल्या वादनयंत्रासाठी तयार केले. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली आणि २०१२ मध्ये ती यंत्रे बनवणे थांबवले. २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही मिटली. एरवी गोष्ट इथेच संपायची. पण सर्व्हरचा मूळ कोड पहिल्यापासून खुला होता. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. म्हणून वापरणाऱ्यांनीच तो पुढे चालवला, आणि २०२४ पासून तो लायरिअन म्युझिक सर्व्हर या नावाने चालू आहे. दुकान बंद झाले, पण वह्या गिऱ्हाइकांच्या हाती होत्या म्हणून पेढी चालू राहिली.

असो. जूनमध्ये एका संध्याकाळी वीज कडाडू लागली तेव्हा मी शहाणपणा करून डिस्कची वायर काढून ठेवली. डिस्क वाचली, राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसला. नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले, म्हणून सर्व काही ठीक असेल असे मी गृहीत धरले. कॉस्ट अकाउंटिंगच्या नोट्स असलेला मैत्रिणीचा पेनड्राइव्ह लावला, मागाहून डिस्क लावली आणि अभ्यासाला बसले. संध्याकाळी आतून हाक आली, “आवाज बंद पडला की गे!”

आता माझा अपराध सांगते. मी कीर्द वाचली नाही. सेटिंगमध्ये ‘यादी पूर्ण पुसून नव्याने तपासा’ अशा अर्थाचे एक बटण असते, ते दाबले. पाच मिनिटांनी पडद्यावर आकडे आले: अल्बम शून्य, गाणी शून्य. घाबरून मी डिस्कचे ‘ई’ हे अक्षर उघडले, तर तिथे गाणी नाहीत. प्रमाणित परिव्ययावरची तेरा पाने! मला वाटले, डिस्क पुसली गेली.

बाबांनी एका दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. पलीकडून यंत्र न पाहताच उत्तर आले, “घेऊन या, फॉरमॅट मारून देतो.” बाबांनी पिशवीही काढून ठेवली. मी म्हणाले, मला दोन दिवस द्या. बाबांनी एक दिला.

त्या रात्री मी पहिल्यांदा लॉग नावाची गोष्ट उघडली. प्रत्येक सर्व्हर आपण काय केले याची वेळेसकट नोंद ठेवतो. लायरिअनच्या अशा मुख्य नोंदी दोन, एक सर्व्हरची आणि एक तपासनिसाची. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला तो इंग्रजीचा डोंगर वाटला. पण दहा ओळी वाचल्यावर ओळख पटली. ही तर कीर्द! तारीख, वेळ, व्यवहार, तपशील. आणि गाण्यांची यादी म्हणजे खतावणी. आपल्या भागात कन्नडमध्येही किर्दीच म्हणतात. तेव्हा कन्नड विभागातल्या माझ्या मित्रांनाही हे वेगळे सांगायला नको. खतावणी फाटली तरी कीर्दीवरून पुन्हा मांडता येते. मी जी पुसली ती नुसती खतावणी होती. तपासनिसाची शेवटची नोंद साधी होती: ‘ई’वर सांगितलेला संगीताचा फोल्डर सापडत नाही. गाणी नाहीत असे तो म्हणत नव्हता. मी सांगितलेला पत्ता चुकीचा आहे असे म्हणत होता.

विंडोज बाहेरून जोडलेल्या प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. डिस्क जोडलेली नसताना पेनड्राइव्ह आधी लावला, त्याने ‘ई’ पटकावले. मागाहून आलेल्या डिस्कला ‘एफ’ मिळाले. ‘एफ’ उघडले, आणि सर्व गाणी जागच्या जागी होती. आजीचा फोल्डरही. दुकानदाराने फॉरमॅट मारला असता तो नेमका याच निरोगी डिस्कवर, हे लक्षात आल्यावर मी उठून पाणी प्यायले.

पेनड्राइव्ह काढला, डिस्कला तिचे ‘ई’ परत दिले, यादी भरली. आजोबांच्या खोलीत मात्र अजून शांतताच. इथे बहुतेक माणसे हात टेकतात. एक दोष काढला तरी फरक दिसला नाही की आपली दुरुस्तीच चुकली असे वाटते, माणूस ती उलटवतो आणि फिरून पहिल्या जागी येतो. हिशेबात भरपाईच्या चुका असतात तसे इथे एकावर एक बसलेले दोष असतात. दोन कुलपांच्या दारातले एक उघडले तर दार हलत नाही. म्हणून किल्ली चुकीची ठरत नाही. त्या रात्री मी एक वही केली: एका वेळी एकच बदल, त्याची वेळ आणि काय झाले ते.

मग रस्ता अर्ध्यात तोडला. सर्व्हरच्याच संगणकावर ब्राउझर उघडून ९००० क्रमांकाच्या पोर्टवर त्याचे पान मागितले, आले. म्हणजे सर्व्हर जिवंत. फोनवरून तेच मागितले, नाही. म्हणजे दोष वाटेत. ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली. जुन्या राउटरने संगणकाला १९२.१६८.१.५ असा पत्ता दिला होता. नव्याने दिला होता १९२.१६८.०.१०४. आणि मामेभावाने आजोबांच्या पेटीत जुना पत्ता हाताने लिहून ठेवलेला! बिचारी पेटी दिवसभर पाडलेल्या घराची कडी वाजवत होती. मी तो पत्ता खोडला. पत्ता न दिल्यास ही पेटी ३४८३ क्रमांकाच्या पोर्टवर घरभर हाळी देते आणि सर्व्हर ‘ओ’ देतो, अशी तिची रीत.

हाळी दिली. ओ आली नाही.

एका मित्राने सल्ला दिला, फायरवॉलच बंद कर. हा फॉरमॅटचा धाकटा भाऊ. चोर नको म्हणून लावलेले दार पाहुणा येत नाही म्हणून उखडून टाकायचे! पण त्याच्या सल्ल्यात दिशा बरोबर होती. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने जाळे नवे, आणि नवे जाळे ते परके, सार्वजनिक मानते. सर्व्हरला दिलेली परवानगी मात्र खाजगी जाळ्यापुरती होती. ‘हे माझे घरचे जाळे आहे’ असे एका ठिकाणी सांगितले आणि फायरवॉल जागच्या जागी ठेवली. रात्री पावणेदोन वाजता बंद दारापलीकडून कोणी तरी गात असल्याचे ऐकू आले. आजोबा बटण दाबूनच झोपले होते.

आता आक्षेपाकडे वळते, कारण तो आमच्याच वर्गात घेतला गेला. एवढा उपद्व्याप कशाला? महिन्याला थोडे पैसे भरले की फोनवर लाखो गाणी मिळतात. मिळतात, मीही ऐकते. पण त्या लाखांत माझी आजी नाही. १९५० साली सुरू झालेल्या धारवाड केंद्रावरून कुणी आजोबांनी टिपलेली एखादी मैफल त्यात असेलच असे नाही. जे बाजारात मिळते ते पुन्हा मिळेल; जे मिळत नाही तेच नेमके आपल्या घरातल्या एका डिस्कवर असते, आणि फॉरमॅटचा वरवंटा फिरतो तो त्यावर. नव्याने स्थापना करणे काही वेळा खरोखर योग्य असते, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय कीर्द वाचल्यानंतरचा असावा. आपल्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत आम्हांला तक्ते रंगवायला शिकवतात. बिघडलेल्या यंत्राची नोंद कशी वाचावी याचा एक तास कधी झाला नाही. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतले तर एवढे सहज होईल. लेखापरीक्षण शिकवणाऱ्यांना ते अधिकच सोपे जावे.

यादी नव्याने भरली तेव्हा आणखी एक गंमत झाली. काही जुन्या फायलींची नावे चौकोन आणि चित्रविचित्र लॅटिन अक्षरे होऊन आली. शोधता कळले की यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे, कन्नडचेही तीनच; आणि दोन्हींतला पहिला बाइट एकच, २२४. फरक पडतो तो दुसऱ्या बाइटापासून. एमपीथ्री फायलीवर नाव लिहिण्याच्या सर्वांत जुन्या पद्धतीत जागा अवघी तीस बाइटांची, म्हणजे मराठी काय नि कन्नड काय, दहा चिन्हांतच नाव तुटते. आपल्या गावात पाट्यांवरून काय काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. आमच्या संगणकाने दोन्ही लिप्यांची दुर्दशा अगदी समसमान केली. चार रविवार बसून मी ती नावे नव्या पद्धतीत लिहिली. आजीच्या ओव्यांना कोणत्या भाषेखाली घालावे ते ठरेना. शेवटी तो रकाना रिकामा सोडला.

ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक मामेभावाकडे पुण्याला. राउटरमध्ये संगणकाचा पत्ता कायमचा बांधून टाकला आहे. वही डेस्कटॉपच्या शेजारी खिळ्याला टांगलेली असते, आणि आता घरातले सगळेच तीत लिहितात. बाबांनी परवा लिहिले, ‘वीज गेली ७.४०, आली ८.०५, गाणे आपोआप सुरू.’ आजोबांना दिसत नाही, ते सांगतात आणि मी लिहिते. त्यांची शेवटची नोंद अशी आहे: ‘चौथी ओवी. मधेच म्हैस ओरडते. ती काढायची नाही.’