कुंडलिका उन्हाळ्यात का आटत नाही?

'कोकणातील नद्या लांबीने कमी, वेगाने वाहणाऱ्या व उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या असतात.' भूगोलाच्या पेपरात मी हे वाक्य लिहिले आणि गुणही मिळवले. आमची कुंडलिका मात्र दर मे महिन्यात घरामागून भरलेली वाहते. लिहिताना ते मला आठवलेही नाही! आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. पुस्तक हाती आले आणि नदी डोळ्यांआड झाली, याची आज लाज वाटते.

माझी आई शाळेत गेलेली नाही. पण धुणे धुताना तिचे अर्धे लक्ष नदीवर असते. "वर ये गं, भिऱ्याचं पाणी सुटायची वेळ झाली," हे वाक्य ऐकतच मी वाढले. पण हे पाणी येते कोठून, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

कुंडलिका सह्याद्रीच्या कड्याखाली उगम पावते आणि भिरा, कोलाड, रोहा-अष्टमी असे करीत रेवदंडा व कोर्लईच्या मध्ये समुद्राला मिळते. तिचे स्वतःचे पाणी पावसाचे. उन्हाळ्यातले पाणी घाटमाथ्यावरील मुळा नदीचे. ही नदी खरे तर पूर्वेची. पुण्याला मुठेस भेटून भीमा, कृष्णा असा प्रवास करीत ती बंगालच्या उपसागराकडे जायची. मुळशीला धरण बांधून तिचे पाणी पश्चिमेला वळवले. सुमारे ५०० मीटर खाली पडून ते भिऱ्याच्या वीजघरात चक्रे फिरवते आणि मग कुंडलिकेत येते. १९२७ पासून हे चालू आहे.

त्या धरणाखाली मावळातली गावे गेली. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला. धरण झालेच. मुंबईला वीज मिळाली आणि आम्हाला बारमाही नदी मिळाली. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, उन्हाळी भात पिकू लागला. धाटावची औद्योगिक वसाहतही याच नदीकाठची. म्हणजे आमच्या ताटातला भात कोणाच्या तरी बुडालेल्या शेताचा आहे. हे किती जणांना ठाऊक आहे? देवकुंडचा धबधबा सर्वांना ठाऊक आहे, कोलाडची रबरी होडीही ठाऊक आहे. मुळशी मात्र नाही.

आणि या पाण्याचे आपण काय करतो? रोह्याच्या खाली कधी कधी पाण्याला वास येतो, तेव्हा आई कपडे तसेच परत आणते. कारखाने बंद करा, असे मी म्हणणार नाही. माझे वडील तेथेच रोजंदारीवर जातात. आमची फी त्यातूनच भरली जाते. पण दुसऱ्याच्या घरातून मागून आणलेले भांडे कोणी घाणेरडे करून ठेवते काय? आपण ते न मागताच आणले आहे, तेव्हा जबाबदारी दुप्पट.

म्हणून प्राध्यापकवर्गास एक विनंती. भूगोलाची सहल दूर कोठे नेण्यापूर्वी एकदा भिऱ्याला न्यावी, तेथून ताम्हिणी घाट चढून मुळशीला. ते पाणी काठावर उभे राहून पाहू द्यावे. पुढच्या वर्षी तोच प्रश्न आला, तर मी पुस्तकातले वाक्य लिहीन आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहीन : 'अपवाद, कुंडलिका. कारण, मुळशी.' त्या ओळीला गुण मिळाले नाहीत तरी चालेल.

— द्वितीय वर्ष, कला