तत्त्व की हिशेब? धुळे, दिंडोरी आणि मालेगावचे तीन धडे

निवडणूक आली की आपल्या घराघरांत एकच वाद रंगतो. घरातला तरुण म्हणतो, ज्याचे विचार पटतात, जो आपल्या प्रश्नांवर बोलतो त्यालाच मत देणार. वडीलधारे म्हणतात, बाबा रे, मत वाया घालवू नकोस, जो जिंकू शकतो त्याला दे. दोघांचंही चुकत नाही. पण कुणाचं म्हणणं कधी लागू होतं, हे समजून घ्यायचं असेल तर 2024 मध्ये नाशिक जिल्ह्यात जे घडलं ते नीट पाहायला हवं.

धुळे लोकसभा मतदारसंघातल्या सहापैकी तीन विधानसभा जागा नाशिक जिल्ह्यातल्या आहेत. तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव फक्त 3,831 मतांनी निवडून आल्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना 1,98,869 मतं दिली. भाजपचे सुभाष भामरे यांना तिथे 4,542 मतं मिळाली. बाकीच्या पाच जागांवर मिळून भामरे लाख-दीड लाखाच्याही पुढे होते.

याच जागेवर वंचित बहुजन आघाडीने अब्दुर रहमान यांना तिकीट दिलं होतं. नागरिकत्व कायद्याच्या निषेधार्थ आयपीएसची नोकरी सोडणारे हे अधिकारी. सुशिक्षित तरुणांना ते आपले वाटत होते. छाननीत त्यांचा अर्ज बाद झाला. तो राहिला असता आणि त्यांना चार-पाच हजार मतं जरी गेली असती तरी निकाल फिरला असता. म्हणजे तत्त्व आणि हिशेब यातली निवड मतदारांना करावीच लागली नाही, ती छाननीच्या टेबलावर झाली. दर वेळी असं होईल याचा भरवसा नाही.

आता शेजारचं दिंडोरी पाहा. मार्क्सवादी पक्षाचे जे. पी. गावित यांना 2019 मध्ये तिथे लाखाहून जास्त मतं पडली होती. 2018 च्या नाशिक-मुंबई शेतकरी लाँग मार्चमुळे त्यांचं नाव राज्यभर गेलं होतं. 2024 मध्ये त्यांनी अर्ज भरला आणि मग शरद पवार गटाचे भास्कर भगरे यांच्यासाठी मागे घेतला. भगरे जिंकले. नोव्हेंबरच्या विधानसभेला कळवणची जागा आघाडीने गावितांना सोडली. ते हरले ही गोष्ट वेगळी, पण माघारीच्या बदल्यात त्यांच्या पक्षाला लढायला जागा मिळाली.

आपण काय मागितलं? लोकसभेला महाराष्ट्रातल्या 48 जागांवर महाविकास आघाडीने एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. नसीम खान यांनी नाराज होऊन प्रचार समितीचा राजीनामा दिला, तरी मतं एकगठ्ठा पडली. वर त्याच मतदानाला ‘व्होट जिहाद’ म्हणून हिणवलं गेलं. मत दिलं ते फुकट, आणि बदनामी पदरात.

तरी हिशेबी मतदान अगदीच व्यर्थ गेलं असंही म्हणता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयक लोकसभेत 288 विरुद्ध 232 मतांनी मंजूर झालं. त्या 232 मध्ये काँग्रेस आणि शरद पवार गटासोबत उद्धव ठाकरे यांची शिवसेनाही होती. नाशिकच्या मुस्लिम मोहल्ल्यांनी राजाभाऊ वाजेंच्या मशालीला मतं देताना नव्वदच्या दशकातल्या आठवणी बाजूला ठेवल्या होत्या, हे इथे विसरू नये.

तिसरा धडा मात्र टोचणारा आहे. नोव्हेंबर 2024 ला मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल यांनी आसिफ शेख यांना 162 मतांनी हरवलं. दोघांनाही लाखाच्या वर मतं. समाजवादी पक्षाच्या शान-ए-हिंद तिसऱ्या आल्या आणि त्यांना दहा हजारही मतं मिळाली नाहीत. मालेगाव महापालिकेचे पहिले महापौर, विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेल्या निहाल अहमद यांच्या त्या कन्या.

या जागेवर भाजप जिंकण्याची भीती नव्हती. ‘मत फुटेल’ म्हणून घाबरायचं कारणच नव्हतं. तरीही यंत्रमाग, पाणी, दवाखाने, मुलींचं शिक्षण यावर कोण काय करणार, यापेक्षा ‘दोघांपैकी कोण येतोय’ हीच चर्चा जास्त झाली. भीतीपोटी लागलेली सवय भीती नसलेल्या जागीही सुटली नाही.

म्हणून आपल्या जागेचं गणित आधी मांडा. लढत अटीतटीची असेल तर हिशेबाने मत द्या, पण मतदानाआधी लेखी मागण्या ठेवा आणि नंतर जाब विचारा. जिथे धोका नाही तिथे पटणाऱ्या माणसाला मनमोकळं मत द्या. आणि महापालिका, जिल्हा परिषदेला अशा माणसांना उभं करा, कारण प्रभागात थोड्या मतांवरही माणूस निवडून येतो. तिथे कामाने ओळख झाली तर उद्या विधानसभेला त्याच्याबद्दल ‘हा काय जिंकतोय’ असं कुणी म्हणणार नाही.