आधी निर्णय, मग पुरावा

अमेरिका आणि ब्रिटनच्या इराकवरील 2003 च्या आक्रमणाला ‘गुप्तचरांची चूक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ते मान्य केले की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. म्हणूनच ते मान्य करता कामा नये. 5 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत पांढऱ्या भुकटीची कुपी बोटांत धरून अँथ्रॅक्सची भीती घातली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इराकमध्येच होते. नोव्हेंबरपासून ते कारखाने, प्रयोगशाळा, हुकूमशहा सद्दाम हुसेनचे राजवाडेसुद्धा तपासत होते आणि महासंहारक अस्त्रांचा साठा कुठेच सापडत नव्हता. इराकने नायजरमधून युरेनियम घेण्याविषयीची कागदपत्रे बनावट आहेत, हे 7 मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी त्याच परिषदेला सांगितले. उरलेल्या कामाला वर्षे नव्हेत, काही महिने लागतील, असे निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स म्हणाले. ते महिने त्यांना मिळाले नाहीत. दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बॉम्ब पडू लागले. खरे-खोटे करण्याची सोय हाताशी असताना जो ती झिडकारतो, त्याची फसगत झाली असे कसे म्हणणार? शांततेचे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरले, हा निष्कर्ष ब्रिटनच्याच चिलकॉट चौकशी समितीने 2016 मध्ये नोंदवला. तोवर तेरा वर्षे उलटली होती.

सद्दाम क्रूर होता, त्याला हटवणे गैर कसे, हा आक्षेप गंभीर आहे. इराकच्या हलब्जा शहरात 1988 मध्ये त्याने विषारी वायूने हजारो कुर्दांचा जीव घेतला. मात्र त्या काळात इराणविरुद्ध लढणाऱ्या याच सद्दामला वॉशिंग्टनची मदत होती. शिवाय जनतेच्या सुटकेसाठी आलेल्यांनी पुढे केले काय? 23 मे 2003 रोजी इराकमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी एका हुकमाने इराकी लष्कर बरखास्त केले. हत्यार चालवण्यात तरबेज असलेले लाखो सैनिक रातोरात बेकार झाले. सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीला सरकारी नोकऱ्यांतून काढण्याचा आदेश त्याच महिन्यात आधी निघाला होता. बरखास्त लष्करातल्या अपमानित अधिकाऱ्यांपैकी काही जण पुढे ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेचे सेनानी झाले. जून 2014 मध्ये इराकमधले मोसुल शहर या संघटनेच्या हाती पडले, तेव्हा पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालमधून पोटासाठी गेलेले 39 भारतीय मजूर तिच्या तावडीत सापडले आणि मारले गेले. मारेकऱ्यांचा गुन्हा ब्रेमर यांच्या हुकमामुळे तसूभरही कमी होत नाही. पण त्यांना सेनापती मिळवून देणाऱ्या हुकमाची जबाबदारी आजवर कोणावरही निश्चित झालेली नाही.