कानात बिल्ला आहे, पण नोंद कुणाच्या नावावर?

जनावरांच्या बाजारात गाय घेताना शेतकरी दात बघतो, कास बघतो, दोन पावलं चालवून बघतो. व्यापारी म्हणतो, "काळजी करू नका, कानात बिल्ला आहे." सौदा होतो, गाय गाडीत चढते. पण बिल्ल्यावरच्या १२ आकडी नंबरावर नोंद काय आहे, हे किती जण विचारतात?

राज्यात १ जून २०२४ पासून कानाला बिल्ला नसलेल्या जनावराची बाजार समितीत, आठवडी बाजारात किंवा गावातसुद्धा खरेदी-विक्री करता येत नाही. सरकारी दवाखान्यातल्या सेवेलाही बिल्ला लागतो. वीज पडून, करंट लागून किंवा बिबट्याच्या हल्ल्यात जनावर दगावलं तर भरपाईसाठीही तोच नंबर लागतो. अनेकांना हा कागदी त्रास वाटतो. पण या नियमामागचं कारण आपणच भोगलेलं आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल इथं राज्यातला लम्पीचा पहिला रुग्ण सापडला. बघता बघता आजार इतर जिल्ह्यांत गेला. माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे तो पसरतो हे खरं. पण डास काही एका दिवसात १०० किलोमीटर जात नाही. तेवढं अंतर जनावर जातं, टेम्पोत बसून. म्हणूनच त्या सप्टेंबरात बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. दुभत्या गाईमागं ३० हजार, बैलामागं २५ हजार आणि वासरामागं १६ हजार रुपये मदत ठरली. पण बंद बाजारामुळं ज्याला ऐन गरजेला बैल विकता आला नाही, त्याचं नुकसान कुठंच मोजलं गेलं नाही.

२००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणं संसर्गजन्य आजाराचं जनावर बाजारात आणायला बंदी आहे. जनावराला असा आजार दिसला तर मालकानं कळवणं बंधनकारक आहे. कायदा आहे, बिल्ला आहे. मग अडतं कुठं? अडतं नोंदीत.

बिल्ला म्हणजे फक्त नंबर. त्याचा उपयोग 'भारत पशुधन' या सरकारी नोंदणीत त्या नंबरापुढं मालक कोण आणि लस कधी टोचली हे लिहिलेलं असेल तरच. गाय तीन हात बदलून आली आणि नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, तर साथ आल्यावर ती गाय कुठून आली, कुणाच्या गोठ्यात थांबली, हे डॉक्टरला कळणार कसं? उद्या ती दगावली तर भरपाई मागताना नवा मालकच अडकतो. बाजाराच्या गेटवर नुसता बिल्ला डोळ्यांनी बघून गाडी आत सोडली, तर ती तपासणी नावापुरतीच.

हा प्रश्न फक्त जनावराचा नाही. लम्पी माणसाला होत नाही. पण ब्रुसेलोसिस, म्हणजे गाभ टाकण्याचा आजार, कच्च्या दुधातून आणि पडलेला गर्भ उघड्या हातानं उचलल्यानं माणसाला होतो. त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरालाच देतात. गाय मोठी झाल्यावर ती टोचली होती की नाही, हे फक्त नोंदच सांगते.

नियम शेतकऱ्यावर आहे, तशी जबाबदारी यंत्रणेवरही आहे. दवाखान्यात डॉक्टरचं पद रिकामं असेल तर मालकी बदलायला शेतकऱ्यानं हेलपाटे किती मारायचे? बाजार समिती सौद्यामागं फी घेते. बाजाराच्या दिवशी तिथंच नंबर तपासून नव्या मालकाची नोंद करणारा माणूस बसवला, तर निम्मं काम जागेवर होईल.

तोपर्यंत घेणाऱ्यानंच सावध राहावं. पैसे देण्याआधी बिल्ल्याचा नंबर दवाखान्यात सांगून मालकाचं नाव आणि लसीची तारीख विचारावी. पावतीवर नंबर लिहून घ्यावा. लस कालच टोचली असेल तर घाई करू नये, अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. नवं जनावर घरी आणल्यावर तेवढे दिवस वेगळं बांधावं. अंगावर गाठी, ताप दिसला तर १९६२ वर फोन करावा.

एका गाईची नोंद चुकली तर आधी शेजारच्या गोठ्याला धोका, आणि मग सगळ्या तालुक्याचा बाजार बंद.