नस्तालिकची किंमत कोण मोजणार?

लहान बाजारासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यापुढे एक जुना पेच असतो. गिऱ्हाईक थोडे, म्हणून किंमत जास्त. किंमत जास्त, म्हणून लोक चोरून कॉपी वापरतात. मग विकत घेणारे आणखी घटतात. संगणकावरची उर्दू गेली तीस वर्षे याच पेचात आहे.

नस्तालिक ही सरळ ओळीत बसणारी लिपी नाही. शब्द वरून खाली तिरका उतरतो आणि शेजारचे अक्षर बदलले की आकार बदलतो. 1980-81च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून अशा हजारो जोडण्या तयार केल्या. तेच नूरी नस्तालिक. पुढे 1994 साली दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' आणले आणि कातिबाचे काम साध्या संगणकावर होऊ लागले. शाळेची प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, जलशाचे पोस्टर, सगळे त्यावरच निघू लागले. पण ते वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी पैसे मोजले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

काही जण म्हणतात, स्वस्त दिले असते तर लोकांनी घेतले असते. उदाहरणही आहे. 1983 साली दुसऱ्या कंपन्यांचे कंपायलर शेकडो डॉलरना मिळत असताना बोरलँडने 'टर्बो पास्कल' 49.95 डॉलरला विकले आणि खप प्रचंड झाला. मात्र तिथे गिऱ्हाईक वाढायला जागा होती. जालना, परभणी, मालेगाव इथले उर्दू डीटीपीवाले मोजून मोजून किती भरतील? किंमत निम्मी केली म्हणून ते दुप्पट होत नाहीत.

म्हणून मला वाटते, दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. फॉन्ट किंवा कीबोर्ड बनवण्याची हत्यारे ही रस्त्यासारखी आहेत, ती फुकट किंवा नाममात्र किमतीत हवीत. मायक्रोसॉफ्टचे 'व्होल्ट' फुकट मिळते, 'फॉन्टफोर्ज'ही फुकट आहे. आज 'नोटो नस्तालिक उर्दू' आणि 2017 साली आलेला 'अवामी नस्तालिक' कोणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतो. मराठीत मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्ता' आणि 'बालू' तसेच मिळतात. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. 'नोटो'मागे गूगलचा पैसा आहे, 'अवामी'मागे एसआयएल संस्थेचा. उर्दू भाषेच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने आणि राज्याच्या अकादमीने मुशायऱ्यांबरोबर याही कामाला निधी द्यावा. जालन्याच्या एखाद्या पोराला नस्तालिकचा फॉन्ट बनवावासा वाटला, तर हत्याराच्या किमतीपाशी त्याचे पाऊल अडू नये.

दुसरी गोष्ट तयार सॉफ्टवेअरची. ज्याचा धंदा त्यावर चालतो, त्याने पूर्ण पैसे द्यावेत. शाळेला आणि विद्यार्थ्याला कमी दर असावा. बनवणाऱ्यानेही मजकूर युनिकोडमध्ये सहज बाहेर काढता येईल अशी सोय द्यावी. इनपेजच्या जुन्या फायलींतला मजकूर दुसरीकडे नेला की नुसत्या विचित्र खुणा दिसतात, तो आधी बदलून घ्यावा लागतो. जुन्या सीडींवर पडलेली किती पुस्तके, किती अंक असे अडकून आहेत!

कातिबाला आपण पानामागे मजुरी देत होतो. त्याच्या जागी आलेल्या प्रोग्रामरची मजुरी बुडवून भाषा जगवण्याच्या गप्पा करता येणार नाहीत.